कुंदनने न बसवलेले लाल बुश

सुकापूरच्या आपल्या गॅरेजमध्ये कुंदन कोळी बावीस वर्षं गाड्यांच्या खालचं काम करतो आहे. इंजिनाला तो हात लावत नाही. सस्पेन्शन आणि स्टिअरिंग, एवढंच. रबराची पारख त्याला करंजाच्या, म्हणजे आपल्या गावच्या, बंदरात आली. तिथे वडिलांनी एकदा होडीच्या इंजिनाखाली फार कडक रबर घातलं होतं, आणि दोन महिन्यांत खालचं लाकूड फुटलं. कुंदन तेव्हा सोळा वर्षांचा होता.

गेल्या हिवाळ्यात नवीन पनवेलचे आर्किटेक्ट इंद्रजीत प्रधान त्याच्याकडे आले. त्यांची गाडी साठ वर्षं जुनी, दोन माणसांची इंग्लिश स्पोर्ट्स कार. वळणावर पुढून खडखड यायची. चाकाचा आर्म चेसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, जोडतात तिथले रबरी बुश फाटले होते, आणि ते आदल्याच वर्षी बदललेले. म्हणून प्रधानांनी या वेळी परदेशातून लालभडक, कडक पॉलियुरेथेनचे बुश मागवले होते.

कुंदनने एक बुश बोटांनी दाबून पाहिला आणि खोक्यात परत ठेवला.

"हे मी नाय बसवणार, साहेब."

प्रधान चिडले. रेसिंगवाले हेच वापरतात, आपण तीन महिने वाचून ठरवलंय, असं त्यांनी सुनावलं. कुंदनने वाद घातला नाही. गाडी वर घेतली, जोडाची जागा रॉकेलने पुसली आणि बॅटरीचा उजेड पाडला. बोल्टच्या भोकाशेजारी केसाएवढी चीर होती. रबर धक्का स्वतः खातं, कडक बुश तो या जुन्या पत्र्यावर ढकलणार, असं त्याने समजावलं.

"रबर फाटलं तर नवीन मिळंल. चेसिस कुठून आणाल?"

प्रधानांनी वाकून त्या चिरेवरून नख फिरवलं. मग रबर वर्षातच का फाटलं, असं त्यांनी विचारलं. तेही कुंदनने आधीच ताडलं होतं. आधीच्या मेकॅनिकने चाकं अधांतरी असताना बोल्ट आवळले होते. गाडी खाली टेकली तशी रबरं पिळली गेली आणि कायम पिळलेलीच राहिली.

चिरेवर पट्टी वेल्ड झाली. रबरी बुशचे दोन संच मागवले. पहिला दिसायला सुरेख होता, पण वाकवल्यावर त्यावर बारीक भेगा उमटल्या. वर्षानुवर्षं गोदामात पडून राहिलेला माल. कुंदनने तो परत पाठवला आणि दुसरा निवडला. अँटी-रोल बारला, म्हणजे दोन्ही बाजूंची चाकं जोडणाऱ्या दांड्याला, मात्र त्याने आपणहून त्या मापाचे वेगळे कडक बुश घातले. तिथे पत्र्याला धोका नव्हता आणि वळणावर गाडी कमी कलणार होती. शेवटी गाडी गॅरेजमधल्या कामाच्या खड्ड्यावर, चाकं जमिनीला टेकवून उभी केली, सीटांवर माणसांच्या वजनाची वाळूची पोती ठेवली आणि मगच बोल्ट आवळले.

चाचणीला त्यांनी डंपरांनी उखडलेला उलव्याचा रस्ता धरला. थोडं अंतर गेल्यावर प्रधानांनी गाडी थांबवली आणि स्टिअरिंग कुंदनला दिलं. खड्ड्यांतून गाडी गेली, पण खडखड आली नाही. कुंदनने क्षणभर हात सैल सोडले. गाडी सरळच धावत राहिली.

"करंजाला जाऊया?" प्रधानच म्हणाले.

बंदरात कुंदनची आई शांती सुके बोंबील विकत होती. एवढ्या बुटक्या गाडीत शिरायचं कसं, असं ती दोनदा म्हणाली, आणि लुगडं सावरत आत बसली. मायलेक बंदराला फेरी मारायला निघाले. तिची पाटी सांभाळत प्रधान तिथेच बसले, आणि आलेल्या दोन गिऱ्हाइकांना त्यांनी बोंबील विकलेसुद्धा.