दारावरचा ट्रे

सुप्याजवळ एका परदेशी कंपनीनं इथल्या कंपनीशी भागीदारी करून इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटऱ्यांचा कारखाना काढला, तेव्हा सत्यशीला तिथं कामाला लागली. आत धातूचा कणही नेलेला चालत नसे. रोज दारावर बायका मंगळसूत्र, जोडवी काढून आपापल्या नावाच्या ट्रेमध्ये ठेवत.

सासूला ते खपत नव्हतं. "सवाष्णीनं रोज गळा मोकळा करायचा म्हंजी काय?"

सत्यशीला फटकळच. "मग तुमी जा माज्या जागी," म्हणायची.

सुट्टी झाली की न्यायला आलेला नवरा, आदिनाथ, मोटारसायकल उभी करून तिच्या मंगळसूत्राचा फासा मागून लावून द्यायचा.

श्रावणात तिला न्यायला येतानाच तो ट्रकखाली गेला. दहाव्याला सासू म्हणाली, "रोज काढून ठिवलंस. देवानं ऐकलं."

महिन्यानं ती कामावर आली. दारावर बायकांची रांग होती. सवयीनं तिचे हात मानेमागं गेले आणि तिथंच राहिले. तपासणीवरची बाई हळूच म्हणाली, "ताई, तुमी व्हा पुढं. तुमाला काय काढायचं न्हाई."