गुणाजी साटमाच्या रक्तातली मुंबई

गुणाजी साटमाचं रक्त पक्ष बदलतं, अशी कुजबुज द्विभाषिक मुंबई राज्याच्या काळात घोडपदेवच्या आमच्या चाळीत नळापासून जिन्यापर्यंत चालू होती. एका आठवड्यात मुंबई महाराष्ट्राची म्हणणारं रक्त दुसऱ्या आठवड्यात दिल्लीला सामील झालं, असं बायका तांदूळ निवडताना सांगत. मी फक्त ऐकत असे, असं म्हटलं तर चाळीतलं कुणी विश्वास ठेवणार नाही.

गुणाजी मालवणकडचा, गिरणीत साच्यावर कापड विणायचा. सभा कुठेही असो, हा पहिल्या रांगेत. "रक्त सांडू, पण मुंबई घेऊ!" असं ओरडला की नायगावचे कावळे उडायचे. घरात मात्र थोरली बहीण सुंदराबाई नुसती बघायची आणि हा खाली बसायचा.

त्या वर्षी सुंदराबाईच्या पोटात गाठ निघाली. इस्पितळातले डॉक्टर सुखटणकर म्हणाले, ऑपरेशन लवकर झालं नाही तर बाई हातची जाईल, आणि रक्ताशिवाय ऑपरेशन नाही. आमच्या चाळीला तेव्हा साधं चालता येत नसे, मोर्चानेच जायची सवय. घोषणा देत सगळे इस्पितळात गेलो. बाईचं रक्त वरवर साध्या ओ गटाचं दिसायचं, पण ओ गटवाल्यांचंही त्यात मिसळलं की लिंबू पिळलेल्या दुधासारखं फाटायचं. एकाचंही चालेना. गुणाजी वॉर्डात त्यागावर भाषण करत होता, तेवढ्यात त्याला कळायच्या आत नर्सने त्याचं बोट टोचून थेंब घेतला. तो जुळला.

"फार दुर्मीळ गट आहे," डॉक्टर म्हणाले. "काही वर्षांपूर्वी याच शहरात सापडला, म्हणून मुंबईचंच नाव पडलंय त्याला. सख्ख्या भावंडांत कधीकधी मिळतो."

झालं! समितीचा आमच्या गल्लीतला पुढारी रमाकांत खुर्चीवरच चढला. "ऐका दिल्लीवाल्यांनो! मुंबई आमच्या गुणाजीच्या नसांत आहे!" हार आला, पेढे आले. पेशंट कोण होतं, हे पेढे संपल्यावर आठवलं.

डॉक्टर मात्र पेढ्याला हात लावेनात. "एका थेंबावर मी बाईचा जीव टांगणार नाही. परवा यांना पाठवा, दंडातून रक्त काढून सगळं पुन्हा तपासतो."

परवा तपासलं. साधा बी गट निघाला! पहिल्या वेळी आपलंच काहीतरी चुकलं, असं समजून डॉक्टरांनी ऑपरेशन पुढे ढकललं. चाळीत सुतक. "मुंबई गेली रे!" रमाकांत म्हणाला आणि गुणाजीला पहिल्या रांगेतून उठवून बसायला मागे जागा दिली. गुणाजीने दिल्लीच्या बाजूच्या मुकादमाच्या घरी चहा घेतला होता, तिथेच रक्त फिरलं, असाही शोध लागला. इकडे सुंदराबाई दिवसेंदिवस खंगत चालली.

एका सकाळी डॉक्टर तिच्या खाटेशी येऊन हळहळले. "भावाचं जुळत नाही हो, बाई. माणूस मात्र धीराचा. रक्त काढणारी नवी नर्स सांगत होती, सुई दंडात असताना हसत होता. तिला म्हणाला, दुसऱ्या हातातलंही घ्या."

सुंदराबाई उठून बसली. "हसत होतो? मगे तो माझो भाव न्हय!"

"म्हणजे?"

"डॉक्टरानू, पायातलो काटो काढूक सुई हाडलंय तरी तो खाटीखाली जाता."

गुणाजीला बोलावणं गेलं. पुन्हा सुई असेल म्हणून तो रामजीला बरोबर घेऊन आला. हा रामजी आमच्या चाळीतला पैलवान, गुणाजीच्याच खात्यात बदली कामगार. गिरणीची रीतच ती. एखादा आला नाही की त्याच्या साच्यावर बदली उभा राहतो. कापडाला काय कळतंय कुणी विणलं!

"यांच्या नावावर तुम्ही रक्त दिलंत?" नव्या नर्सने रामजीकडे बोट दाखवताच डॉक्टरांनी त्याला विचारलं.

"व्हय साहेब," रामजी निरागसपणे म्हणाला. "बदली उभा राहिलो. खात्यात नेहमीच राहतो. आजवर तक्रार नाही."

डॉक्टर कपाळ धरून स्टुलावर बसले.

"बाये," गुणाजी पुटपुटला, "माका वाटला, रामजी दांडगो, त्याचा रक्त जास्त चांगला..."

"मेल्या, सभेत रक्त सांडतंस, आणि बहिणीक देवच्या येळेक बदली धाडतंस?"

तिने त्याचं मनगट असं धरलं की सुटायची सोय नव्हती. सुई दिसताच गुणाजीने डोळे मिटून "मुंबई..." एवढंच म्हटलं. पुढचं "आमची" म्हणायच्या आत तो आडवा झाला. रामजीने त्याला लहान मुलासारखं धरून ठेवलं आणि त्या अवस्थेत नर्सने रक्त काढलं.

डॉक्टरांनी ते सगळ्या तऱ्हेने तपासलं. तोच दुर्मीळ गट. मग त्याच्याकडून बाटलीभर घेतलं, तेव्हाही तो आडवाच होता. ऑपरेशन झालं, गाठ निघाली आणि सुंदराबाई पुढे पुष्कळ वर्षं भावाला खाली बसवायला जगली. रमाकांतने मात्र गुणाजीचं रक्त स्वगृही परतल्याचं सभेत जाहीर केलं, त्यामुळे कुजबुज काही थांबली नाही.

गुणाजीचं रक्त कधीच बदललं नव्हतं. तो सुईला भीत होता, म्हणून दुसऱ्या वेळी रामजीचं रक्त तपासलं गेलं.