एका रेघेवरचे तीन एल्बो

"दादा, ही पट्टी इथं बसून न्हाई राहिली!" इरप्पा शिडीवरून ओरडला.

इरप्पा देगलूरचा. वाफेच्या पाइपांवर, उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून, तो ग्लासवूलच्या पट्ट्यांचं जाड आवरण चढवतो. त्याला आम्ही लॅगिंग म्हणतो. लातूरच्या एका तेल कारखान्यात बॉयलरपासून शेजारी शेजारी तीन पाइप आम्ही टाकले होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांतून वाफ सोडायची होती. फोरमन म्हणून माझं हे पहिलंच काम. फसलं तर पुढच्या साइटवर फोरमन दुसरा, असं ठेकेदारानं स्वच्छ बजावलं होतं.

वाटेत खांब आडवा आल्यानं तिन्ही पाइप पंचेचाळीस अंशांत तिरके नेऊन पुन्हा सरळ केले होते. याला ऑफसेट म्हणतात. मी तिन्हींवर मिळून एकच आडवी रेघ मारली आणि वळणाचे तिन्ही एल्बो, म्हणजे कोपरासारखे जोड, त्याच रेघेवर घेतले. कवायतीला उभे केल्यासारखे दिसत होते. मी तर फोटो काढून घरच्या ग्रुपवरही टाकला होता.

इरप्पाची हाक ऐकून मी वर चढलो, टेप लावला. सरळ भागात पाइपांच्या मध्यापासून मध्यापर्यंत अंतर दोनशे मिलिमीटर, तिरक्या भागात एकशे एक्केचाळीस. लॅगिंगसकट एक पाइप होतो एकशे साठचा. एकशे एक्केचाळीसात तो बसणार कसा?

खाली प्लांटच्या शिंदे मॅडम उभ्या होत्या. "कांबळे, काय झालं?"

"माझी चूक झाली, मॅडम. तिरक्यात पाइप जवळ आलेत."

"उद्या वाफ सोडायची का नाही, तेवढं सांगा."

"अर्ध्या तासात सांगतो."

आमचे वेल्डर खाजाभाई नांदेडचे, वयानं माझ्या दुप्पट. ते शांतपणे म्हणाले, "सगळे एकाच जागी वळले तर एकमेकांच्या अंगावर जाणारच की."

"मग काल का बोलला नाहीत?"

"काल तुम्ही फोटो काढून राहिले होते."

मी फरशीवर खडूनं आकृती काढली. ज्या बाजूला वळायचं, त्या बाजूचा पाइप आधी वळायला हवा, त्याच्या शेजारचा थोडा पुढे जाऊन, तिसरा आणखी पुढे. किती पुढे? पंचेचाळीसच्या वळणाला अंतर गुणिले शून्य पॉइंट चार एक चार. दोनशेला त्र्याऐंशी मिलिमीटर. आयटीआयच्या परीक्षेत हे गणित मी बरोबर सोडवलं होतं, याचीच जास्त लाज वाटली.

मग सुचलं, की मधला पाइप हलवायचाच नाही. वळणाच्या आतल्या बाजूच्या पाइपचा ऑफसेट त्र्याऐंशी अलीकडे, बाहेरच्याचा त्र्याऐंशी पलीकडे. एका टोकाला कापलेला तुकडा त्याच पाइपच्या दुसऱ्या टोकाला जोडायचा. नवा पाइप लागणारच नव्हता. "जमतंय, मॅडम," मी सांगितलं. खाजाभाईंनी सहा जॉइंट मारले, संध्याकाळी पाण्याचं प्रेशर लावून पाहिलं, थेंबही गळला नाही. इरप्पाची पट्टी गुमान बसली. जीव भांड्यात पडला.

सकाळी वाफ सुरू झाली. ठेकेदार आला, वर बघत राहिला. "कांबळे, काम झ्याक आहे. पण हे एल्बो मागंपुढं का? एका लाइनीत घ्यायचे की, लई शोभले असते."

खाजाभाई पाठ फिरवून चष्मा पुसायला लागले.

पुढच्या साइटवरही मीच फोरमन आहे. रेघा आता तीन मारतो, आणि फोटो लॅगिंग बसल्यावर काढतो.