सगुणा नावाची घागर

देवाधर्माचं मी सगळं करते, पण कुणी चमत्काराचं सांगायला लागलं की मी सरळ उठून चहा टाकायला जाते. तर माझ्यासारखीनं हे लिहावं, म्हणजे बघा...

गेल्या संकष्टीची गोष्ट. आम्ही सांगलीत राहतो. कुपवाडच्या एका मोडीच्या दुकानातून मी तांब्याची जुनी घागर आणली होती. दुपारी चारच्या सुमाराला मोरीत चिंच लावून घासत बसले, तर गळ्याखाली ठिपक्यांची अक्षरं वर आली. पूर्वी लग्नात द्यायच्या भांड्यावर नाव घालायचे ना, तसं. "चि. सगुणा हिस, मामाकडून, लोणंद". खाली एवढासा राघू कोरलेला. मला ते नाव इतकं आवडलं, की हाक मारल्यासारखं तीन-चारदा मोठ्यानं म्हटलं – सगुणा... अगं सगुणा...

आमचे हे मिलिटरीतून रिटायर्ड. म्हणाले, "घागर घासा, तिचं खानदान कशाला घासताय?" पण मला चैन पडेना. लोणंदला माझी मावसबहीण आहे, तिला कामाला लावलं. चार दिवसांत तिनं मामाचं घर शोधलं. भाची इस्लामपूरला दिलेली एवढं कळलं, आणि सासरचं आडनाव.

मी घागर पिशवीत घालून एसटीत बसले. इस्लामपुरात तासभर विचारत फिरले, पण त्या आडनावात सगुणा कुणालाच माहीत नाही. दमून एका कट्ट्यावर टेकले, तेव्हा कुठं डोक्यात आलं. लग्नात नाव बदलतात की! मी स्वतः शकुंतलेची सुनंदा झालेली, आणि माहेरचं नाव सासरी विचारत बसले होते. मग विचारलं, "जिचा मामा लोणंदचा, अशी कुणी आजी?" लगेच घर दाखवलं.

दारातच त्या आजींच्या सुनेला हकीकत सांगितली, तशी ती दाराला धरून उभी राहिली.

"आवं, आमच्या आत्याबाईंचं नाव लक्ष्मी. पण संकष्टीला चारच्या चहाला उठून बसल्या आणि म्हणाल्या, 'ओ, आले.' कुणी सगुणा म्हणून हाक मारली म्हणं. कोण सगुणा, तर म्हणत्यात, मी. आमी हसलो. तवापास्नं धड जेवत न्हाईत. ह्यांनी सोमवारी डोक्याच्या डाक्टरची वेळ घेतलीया."

तेवढ्यात आतनं आवाज आला, "नावाखाली राघू हाय का बघा."

घागर अजून पिशवीतच होती.

मी आत जाऊन ती आजींच्या मांडीवर ठेवली. त्या ठिपक्यांवरनं बोट फिरवत राहिल्या. वाटण्या झाल्या तेव्हा ती मोडीत गेली होती म्हणे. त्यांच्या मुलानं वाकून नाव वाचलं.

"आई, कवा सांगितलं न्हाईस गं."

"इचारलं कुणी?"

त्यानं बाहेर जाऊन फोनवर डॉक्टरची वेळ रद्द केली. मग सुनेनं ताट वाढलं, आजी अर्धी भाकरी जेवल्या. निघताना मी विचारलं, "आजी, त्या दिवशी हाक कुणाची वाटली?"

"तुझीच की. मगाशी दारात बोललीस, तवाच वळखली."

माझ्या मोरीतली हाक इस्लामपूरला कशी पोचली, मला अजून सांगता येत नाही. घरी येऊन ह्यांना विचारलं. ते सरळ उठून चहा टाकायला गेले.