खोडलेलंही वाचायचं

मेश्राम काका गेल्याचा फोन आला तेव्हा मी गोंदियातल्या माझ्या ऑफिसचं कुलूप उघडत होते. "ताई, बाबा गेले. झोपेतच..." त्यांची सून एवढंच बोलू शकली. खरं सांगते, मला आधी हायसं वाटलं. मग त्या हायसं वाटण्याची लाज वाटली आणि मग रडू आलं. आता महिना उलटून गेलाय. लाज ओसरली, हायसं वाटणं मात्र उरलंय. ते का, हे सांगायलाच लिहायला बसले.

काका कोर्टाच्या नक्कल विभागातले निवृत्त कारकून. निवृत्तीनंतर कुडव्याहून रोज स्कूटरने माझ्याकडे कामाला यायचे, वेळेच्या आधी पाच मिनिटं, आणि मला उशीर झाला की माझ्याकडे नुसतं बघायचे. मी वकील, त्यातून पेटंटचं काम करणारी. हे काय असतं ते गावात कुणाला धड माहीत नव्हतं. पहिल्याच दिवशी काकांनी विचारलं, "नवीन चीज कोणं बनवली, त्याचा सातबारा. असंच ना, बाई?" पुढे मी पक्षकारांना असंच समजवायला लागले. नक्कल विभागाची एक पद्धत त्यांच्या हाडीमांसी भिनलेली होती. एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने नक्कल तपासायची. ओळीखाली लाकडी फूटपट्टी सरकवत काका वाचत, ते थेट खोडलेल्या शब्दांसकट. मी चिडायचे. ते म्हणायचे, "खोडलेलं पण वाचाच लागते. कोणं खोडलं, काऊन खोडलं, समजलं पायजे न!"

मग माझ्याकडे कृत्रिम बुद्धिमत्तेचं साधन आलं. जगभरातली पेटंटं, जुने अहवाल, कुठल्या कुठल्या ग्रंथालयांतली स्कॅन केलेली पुस्तकं ते तासाभरात चाळायचं आणि काय जुळतं, काय नाही याची यादी हातात द्यायचं. मी हरखून गेले. "काका, आता वाचत बसायची गरज नाही," असं मोठ्या उत्साहात सांगितलं. काका "बरं" म्हणाले आणि फूटपट्टी खणात ठेवून दिली. त्या "बरं"मध्ये काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही. कळून घ्यायची इच्छाच नव्हती म्हणा ना.

त्याच सुमारास केशोरीचे फुलचंदभाऊ आले. त्यांचं वेल्डिंगचं दुकान. रोवणीआधी धानाची रोपं मुळासकट उपटायचं एक वाकड्या दातांचं अवजार ते बनवत, आणि दुकान त्यावरच चालायचं. बाहेरगावच्या एका कंपनीने त्याच अवजाराचं पेटंट मिळवलं होतं आणि भाऊंना नोटीस पाठवली होती... बनवणं बंद करा, नाहीतर कोर्टात या. "माह्या बापाच्या आधीपासून आहे जी हे," भाऊ म्हणाले. मी विचारलं, कुठे छापलेलं आहे का? त्यांनी नकारार्थी मान हलवली. आधी छापून आल्याचा पुरावा सापडला तर पेटंट टिकणार नव्हतं, नाही सापडला तर दुकान टिकणार नव्हतं. मी साधनाला शोधायला लावलं. उत्तर आलं, काही नाही. मी भाऊंसाठी पत्र तयार केलं की लढण्यात अर्थ नाही, बनवणं थांबवतो असं कंपनीला लिहून द्या. काकांना दिलं, ते फक्त पाकिटात घालायला.

काकांनी पत्र वाचलं. चष्मा वर केला. "टाकून देल्ले कागद कोणते?"

"चाळीस पानांची यादी आहे, काका. साधनानेच असंबद्ध म्हणून खोडलीय."

"काऊन खोडली?"

माझा तोल गेला. "काका, तुमचा जमाना गेला आता!" असं मी बोलले. अख्ख्या ऑफिसात आम्ही दोघंच, तरी ते फार मोठ्याने ऐकू आलं. काकांनी खणातून फूटपट्टी काढली, यादी समोर घेतली आणि पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला लागले. मी रागाने कानाला फोन लावून बसले, पलीकडे कुणी नसताना. दुपारचा चहा झाल्यावर त्यांचा आवाज थांबला. "पलीकडचे उपटण्याचे अवजार, असंबद्ध," त्यांनी पुन्हा वाचलं. "बाई, पलीकडचं काय उपटून राहिलं हे?" आणि मग जे हसत सुटले, डोळे पुसायची वेळ आली.

आमच्या भागात धानाच्या रोपांना पऱ्हे म्हणतात. एका जुन्या कृषी प्रदर्शनाच्या पुस्तिकेत ते ‘परे’ असं छापलं होतं. साधनाने परे म्हणजे पलीकडे असा अर्थ लावला आणि पान बाजूला टाकलं. मी मूळ पान उघडलं. शेजारी चित्रच होतं, तेच वाकडे दात, तोच दांडा. इथेच जन्मलेली मी, मलाही ती ओळ वाचून कळली असती. पण मी वाचलीच नव्हती.

आम्ही पेटंटला विरोध दाखल केला. ते काम लांबलं, तोवर काकांचा दम वाढला आणि त्यांचं येणं थांबलं. मला एकच धास्ती, निकाल त्यांच्या हयातीत येतो की नाही. आला. पेटंट रद्द झालं. फुलचंदभाऊंनी फोनवर एवढंच विचारलं, "मंग दुकान सुरू ठेवू न जी?" आणि मी नुसती हो, हो म्हणत राहिले. त्याच सकाळी मी फूटपट्टी घेऊन कुडव्याला काकांकडे गेले. खाटेशेजारी बसून, ओळीखाली पट्टी सरकवत, सगळा निकाल मोठ्याने वाचला. काका डोळे मिटून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "खोडलेलं काही?"

"निकालात काही नाही, काका. पण तुमचा जमाना गेला म्हटलं होतं मी... तेवढं खोडा."

ते हसले. "खोडतो न. पण वाचून."

आठ दिवसांनी ते गेले. म्हणून ते हायसं वाटणं. बोलायचं ते वेळेत बोलून झालं होतं.

साधन अजूनही वापरते, त्याच्यावाचून आता चालत नाही. पण त्याने यादी दिली की मी खणातून फूटपट्टी काढते. तिच्याखालीच भाऊंना न पाठवलेलं ते पत्र आहे, तांबड्या पेनाने आडवी रेघ मारलेलं. आधी ते मोठ्याने वाचते, सगळं, माझ्या सहीपर्यंत. मग यादीतल्या खोडलेल्या पहिल्या ओळीखाली पट्टी ठेवते.