मावशीच्या रानातल्या मेंढ्या

घरच्यांना चळवळीची पत्रकं वाटायची असली की मी शाळेत जाण्याआधी त्यांच्या घड्या घालायचे. 'जाहीर निषेध', 'जाहीर खुलासा' हे शब्द मला बाराखडीबरोबरच आले. त्यामुळं माझ्यावर आरोप झाला तेव्हा मी पत्रकच लिहिलं.

ज्वारी निघाली की शेतकऱ्याला रानात मेंढ्या बसवून हव्या असतात. कळप चार दिवस मुक्कामाला राहिला की लेंडीखतानं रान सुधारतं. कळप थोडे, रानं फार. म्हणून येरमाळ्याच्या आसपासच्या आम्ही काही जणांनी ऑनलाइन फोरम काढला. नाव नोंदवायचं, नंबर घ्यायचा. आमच्याकडं येणारा कळप एका म्हाताऱ्या मेंढपाळाचा. त्यांना सगळे मामा म्हणतात. मॉडरेटर मी, यादीही मीच सांभाळते. यंदा ईट गावाकडचे बरेच नवे सभासद आले. त्यातल्या एकानं कळप आल्यावर नवव्या दिवशी लिहिलं:

"माझा नंबर तिसरा. मेंढ्या बसल्या मॉडरेटरच्या मावशीच्या रानात, तिचा नंबर एकोणीस. हा फोरम हाय का सोयऱ्यांची पंगत? असल्या मेंढपाळाला आमच्या शिवारात पाय ठेवू देणार न्हाय."

खाली नव्या सभासदांच्या अंगठ्यांची रांग लागली.

माझं डोकं फिरलं. मी नऊ मुद्द्यांचा खुलासा टाकला. लोकशाही, फुकट केलेलं काम, बदनामीमागची वृत्ती, सगळं त्यात होतं. मावशीचं रान तेवढं नव्हतं. शेवटी 'पुरावा द्या, नाहीतर माफी मागा' असं लिहून चर्चा बंद केली.

दुपारी मामांचा फोन आला.

"पोरी, लई झोडपलंस की त्याला. पर त्यो खोटं काय बोलला?"

"मामा, मावशीचे यजमान गेलेत, हे तुम्हाला माहीत आहे."

"मला हाय. त्याला कसं आसंल?"

ज्या घरातलं माणूस त्या साली गेलं, त्या रानात मेंढ्या आधी बसतात, न मागता. मामांच्या वडिलांपासूनची ही रीत. जुन्या सभासदांना सांगावी लागत नव्हती, म्हणून आम्ही ती कुठंच लिहिली नव्हती.

"चार दिसांनी म्या कळप घिऊन ईटलाच निघालोय," मामा म्हणाले. "चारा तिथंच उरलाय. आता शिरू देतेत का मला? तुझे नऊ मुद्दे मेंढरं खात न्हाईत."

मी चर्चा पुन्हा उघडली. आरोप खरा आहे, नंबर बदलला होता, कारण हे होतं, ते त्याच दिवशी लिहायला हवं होतं, एवढंच लिहिलं. त्याचं उत्तर लगेच आलं. "वाईट वाटलं. पर उद्या कुणीबी दुखवटा सांगंल. ठरवणार कोण?"

राग आला, पण प्रश्न बरोबर होता. दोन दिवस भांडून ठरलं: रीत पहिल्या पानावर राहील, नंबर बदलला की कारण तिथंच लिहायचं, आणि घर मॉडरेटरच्या नात्यातलं असलं तर निर्णय दुसऱ्यानं घ्यायचा. हा दुसरा तूच हो, असं मी त्याला म्हटलं. "मला काय कामधंदा न्हाय व्हय?" म्हणाला. आरोप काढून टाका, असं जुने सभासद म्हणत होते. मी तो ठेवला.

मामा ईटला गेले तेव्हा शिवारात तोच माणूस उभा होता. त्यानं मोटर चालू करून हौद भरून दिला. मेंढ्या पाण्यावर गेल्यावर म्हणाला, "नंबर माझाच हाय ना, मामा?"

"तुझाच," मामा म्हणाले. "बघून घे यादीत."

त्यानं फोन काढला आणि खरंच बघितलं.