सध्या राहणार

आमच्या कॉलनीत कुणाच्या घरी लग्न निघालं की पत्रिकेवर पत्ता दोन ओळींत छापतात. वरच्या ओळीत मुक्काम पोस्ट अमुक, तालुका जावळी, फलटण किंवा खटाव. खालच्या ओळीत बारीक अक्षरात 'सध्या राहणार', आणि मग कॉलनीचं नाव, सातारा. हे 'सध्या' आता तीस वर्षांचं झालं. घरांचे हप्ते फिटले, आंब्यांची झाडं गच्चीच्या वर गेली, काहींचे तर गुडघेही बदलून झाले. तरी आपले आम्ही सध्या राहणार.

शहर संपतं आणि ऊस सुरू होतो, त्याच्या मधल्या पट्ट्यात आम्ही आहोत. शेजारच्या जुन्या गावातले लोक आम्हाला प्लॉटवाले म्हणतात, कारण आमची घरं त्यांच्याच रानात उभी राहिली. शहरातल्या पाहुण्याला पत्ता सांगितला तर तो विचारतो, "म्हणजे गावाबाहेर ना?" हद्दवाढीत आम्हाला शहरात घेतलं, पण नळ अजून संध्याकाळी पाच वाजता येतो आणि पावणेसहाला जातो. आम्हीही कधी तक्रार लावून धरली नाही. रेशनकार्ड गावाकडं, मत गावाकडं, देव गावाकडं. मेल्यावरही सगळे गावाकडंच जायचे, आणि त्यांना पोचवायचं काम लालासाहेब शेलारांचं.

लालासाहेब मूळचे मेढ्याच्या पुढच्या डोंगरातले. सैन्यात ड्रायव्हर होते, हवालदार होऊन परत आले. आमच्या जिल्ह्यात सैन्यातून आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो, त्या न्यायानं आम्ही त्यांना मेजर म्हणतो. पेन्शनीवर आले तेव्हा त्यांनी एक जुनी ट्रॅक्स घेतली होती, वाईच्या रस्त्याला प्रवासी भरायला. पहिल्याच महिन्यात समोरचे कदम गेले. त्यांना गावी न्यायला गाडी मिळेना, तेव्हा मेजरनी मागची बाकं उचलून ठेवली आणि म्हणाले, "चला." ते चला बावीस वर्षं पुरलं.

नंतर कुणी विचारायचंही थांबलं. घरात माणूस गेला की आधी मेजरच्या फाटकाची कडी वाजायची, मग डॉक्टरांना फोन. मेजर शर्ट घालून, किल्ली घेऊन बाहेर यायचे. लोणंद, फलटण, पाटण, एकदा तर पार जतपर्यंत. तिथं भावकी लाकडं रचून तयार असायची. मेजर लांब झाडाखाली उभे राहायचे आणि सगळं उरकलं की रिकामी गाडी घेऊन परत यायचे. दरवेळी ते थोडे जास्त थकलेले दिसायचे. मी शेजारी. आरोग्य खात्यातून रिटायर झालेलो, मूळचा फलटणचा. माझं तोंड जरा फटकळ आहे. एकदा मी त्यांना म्हणालो, "मेजर, कॉलनीतल्या सगळ्यांना पोचवल्यावर तुम्हाला कोण नेणार?" ते हसले नाहीत. मग मलाच माझी लाज वाटली.

गाडी परत आली की ती धुवायचं काम अंजनावहिनींचं. त्यात कधी खाडा नाही. पाचच्या नळाला पाइप जोडायचा, बादलीत गोमूत्राचे चार थेंब टाकायचे, पदर खोचायचा आणि फडकं घेऊन वाकायचं. मेजर तोवर आंघोळ करून आत आडवे झालेले असायचे. आमच्या दोन घरांमध्ये छातीएवढी भिंत आहे. तिच्यावरून मी बावीस वर्षं हे बघत आलो. मदतीला कधी गेलो नाही.

गेल्या वर्षी वहिनींच्या हृदयानं दगा द्यायला सुरुवात केली. पायांना सूज, चार पावलांत धाप. श्रावणात कॉलनीतली एक म्हातारी गेली. तिला पोचवून मेजर परत आले आणि वहिनी तशाही अवस्थेत बादली घेऊन बाहेर आल्या. मी भिंतीपलीकडं जास्वंदीला पाणी घालत होतो.

"आवं, ऐकताय न्हवं," त्या म्हणाल्या. "मला हिच्यात घालू नका."

"कशात?"

"ह्या गाडीत. किती जणांस्नी नेलंत, पाठीमागनं समदी मीच धुतली. मला न्हाई त्यात झोपायचं. आन् मेढ्याला तरी माझं कोन हाय? सासरी तीन वरसं राहिले, हितं अठ्ठावीस. हितनंच जाऊ द्या मला. खांद्यावरनं."

मेजर म्हणाले, "बघू."

वहिनी टायरवर पाणी मारत राहिल्या. माझ्या मात्र ते 'बघू' डोक्यातून जाईना. मेजरच्या भावकीत बघू म्हणजे नाही. थोरल्या चुलतभावाच्या, अण्णांच्या शब्दाबाहेर हा माणूस कधी गेला नव्हता.

दिवाळीनंतर एका पहाटे वहिनी झोपेतच गेल्या. उजाडेपर्यंत सगळी कॉलनी गोळा झाली. जयराज, त्यांचा मुलगा, पुण्याहून निघालाच होता. सात वाजता तो पोचला तेव्हा ट्रॅक्स फाटकाशी लागली होती. मागचं दार उघडं, बाकं उचललेली. कुणी सांगितलं, कुणी केलं, कुणालाच माहीत नाही. सवयीनं झालं. अण्णांचा फोन येऊन गेला होता, लाकडं रचायला घेतली आहेत, लवकर निघा. मी कोपऱ्यात उभा राहून स्वतःला शिव्या घालत होतो. वहिनींचं मागणं मेजर आणि माझ्याशिवाय कुणी ऐकलं नव्हतं, आणि आता तोंड उघडलं तर लोक म्हणणार, ह्याला काय करायचंय दुसऱ्याच्या घरात.

तेवढ्यात मेजर बाहेर आले. शर्ट घातलेला, हातात किल्ली. गाडीच्या मागं गेले, उघड्या दाराकडं बघत उभे राहिले आणि दार लावून घेतलं.

"गाडी जायाची न्हाई," ते म्हणाले.

जयराजला वाटलं, बिघडली. तो मोबाइल काढून दुसरी गाडी बघायला लागला.

"गाडी चांगली हाय. तुझ्या आयला हितंच न्यायची, वढ्याला."

"पप्पा, अण्णा तिथं लाकडं रचून बसल्यात. भावकी काय म्हणंल?"

"त्यास्नी फोन लाव. म्हणावं, हिकडं या. इतकी वरसं आमीच तिकडं येतोय, एक डाव तुमी या."

ओढ्याकाठचं स्मशान जुन्या गावाचं. आमच्यापैकी कुणी तिथं कधी गेलेलं नव्हतं. शहरातले लोक माहुलीला नदीवर जातात, पण तिथंही गाडीनंच जावं लागतं. रोजच्यासारखी दुधाची किटली घेऊन त्या जुन्या गावच्या बनाबाई दारात आल्या. गर्दी बघून त्यांना कळलं. त्यांनी विचारलं, "कवा न्यायाची मेढ्याला?"

"मेढ्याला न्हाई, मावशी," मेजर म्हणाले. "तुमच्या वढ्याला जागा मिळंल का?"

बनाबाईंनी किटली खाली ठेवली. "जागा काय इचारताय? घरं बांधलीसा तवा कुनी इचारलं हुतं व्हय?" असं म्हणून त्यांनी पदरानं डोळे पुसले. "लाकडं टाकाय सांगते पोरास्नी. ही किटली तेवढी आत ठिवा."

मग आमची खरी फजिती सुरू झाली. तिरडी कशी बांधतात ते कॉलनीत कुणालाच धड माहीत नव्हतं. ते काम नेहमी गावाकडं व्हायचं. बांबू मिळेनात, शेवटी गणपतीच्या मांडवाचे आणले. दोर कुठून गुंडाळायचा यावरून फलटणवाले आणि खटाववाले वाद घालत बसले. लोणंदहून वहिनींचा भाऊ हिरवी साडी घेऊन आला, बनाबाई दोन बायका घेऊन परत आल्या आणि त्यांनीच सगळं मार्गी लावलं. साडेअकराला आम्ही निघालो. पुढं विस्तवाचं मडकं घेऊन जयराज.

अंतर फार नाही, किलोमीटरभर. पण खांदेकरी सगळे साठीच्या पुढचे. अर्ध्या वाटेत खांदे भरून आले, तेव्हा प्रत्येकाला एकच गोष्ट आठवली. वाटेत तिरडी एकदा खाली ठेवून खांदे बदलतात, त्या जागेला विसावा म्हणतात. प्रत्येक गावाचा विसावा ठरलेला असतो, तिथं दगड असतो. जुन्या गावाचा त्यांच्या वेशीकडं, आमचा रस्ता दुसऱ्या अंगानं. आम्ही ओझं घेऊन रस्त्यात उभे, आणि ठेवायचं कुठं ते कुणी सांगेना.

"हितं ठेवा," मेजर म्हणाले.

कॉलनीच्या तोंडाशी ओढ्यावर एक मोरी आहे, छोट्या पुलासारखी. तिच्या कठड्यावर वहिनी बसायच्या, मेजर कुणाला तरी पोचवून परत येईपर्यंत. तिथं ठेवलं. मेजरनी कडेचा एक दगड उचलून आणून त्या जागी टेकवला आणि मग पहिल्यांदा, सगळ्यांच्या देखत, ते रडले.

दगड अजून तिथंच आहे. त्यानंतर कॉलनीतली दोन माणसं त्याच वाटेनं गेली. मीही मुलांना सांगून ठेवलंय, मला फलटणला नेऊ नका. मुलं म्हणाली, बघू.

त्या दिवशी अण्णा आणि भावकी वेळेवर पोचली. रुसवाफुगवा झालाच, पण तो ओढ्यावर झाला, मेढ्याला नाही. तीनपर्यंत सगळे पांगले. जयराज दमून झोपला. पाचला नळ आला तसा पलीकडं बादलीचा आवाज झाला. बघतो तर मेजर. गाडीपाशी उभे, हातात वहिनींचं फडकं.

"मेजर, आज गाडी गेलीच नाही," मी भिंतीवरून म्हणालो.

"ठावं हाय," ते म्हणाले. बादलीत हात बुडवून नुसते उभे राहिले. मग माझ्याकडं न बघता विचारलं, "भाऊसाहेब, ती हिला आदी आतनं धुयाची का भायेरनं?"

"आतून," मी म्हणालो आणि फाटक उघडून पलीकडं गेलो.